दोन्ही टोकांनी उघडी रांग

४ सप्टेंबर २०००, सोमवार

आज नोकरीला लागले. सत्तेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्यांदा. लिहून ठेवते, म्हणजे उद्या काढून टाकलं तरी कधीतरी लागले होते एवढं दिसेल.

कुलदीप हा यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. इथे हैदराबादला हिमायतनगरात मिठाईच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत त्याची कंपनी आहे. कंपनी म्हणजे चार कॉम्प्युटर, एक कूलर आणि खालून येणारा तुपाचा वास. ट्रंक एक्स्चेंजमधून, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून द्यायच्या नोकरीतून, मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, त्यानंतर नारायणगुड्यात क्लासला जाऊन जावास्क्रिप्ट शिकले. इंटरनेटवरच्या पानाला हातपाय हलवायला लावणारी ही भाषा. क्लासमधली सगळी पोरं मला आंटी म्हणायची आणि परीक्षेला माझ्याच शेजारी जागा धरायची.

तर काम असं. अमेरिकेतली एक भेटवस्तू विकणारी कंपनी बेगमपेटला फोन घेणाऱ्यांची मोठी खोली उघडते आहे. नाताळ जवळ आला की तिकडून हजारो लोक एकदम फोन करणार आणि रांगेत थांबणार. ती रांग इथल्या मुख्य बाईला कॉम्प्युटरच्या पानावर सतत दिसली पाहिजे. नवा माणूस शेवटी लागणार. ज्याच्याकडे कंपनीचं सोनेरी कार्ड तो सगळ्यांच्या पुढे घुसणार. मुली पुढून एकेक फोन उचलत जाणार. आणि किती वेळ थांबायचंय हे ऐकून जो लगेच फोन आपटेल, तो शेवटून गळणार. म्हणजे रांग दोन्ही टोकांनी उघडी.

हे ऐकून मला हसूच आलं. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? ऑर्डिनरी कॉल मागे, अर्जंट त्याच्या पुढे, आणि लाइटनिंग आला की सगळ्यांच्या डोक्यावरून पहिला. लाइटनिंगचे पैसे ऐकूनच माणसं अर्जंटवर यायची.

कुलदीप म्हणाला, "मग काकू, हे तुम्हीच करा. पण दिवाळीच्या आत चालवून दाखवायचं. चाललं तर तुम्ही पर्मनंट. नाही चाललं तर गिऱ्हाईक गेलं, मग मीच पर्मनंट नाही."

मला घरी बसायचं नाहीये. वर्षभर बसून पाहिलं. दुपारी भिंतीवरचं घड्याळ सोडून कुणी बोलत नाही. अजून फोन वाजला की माझा हात आधी कानाकडे जातो, हेडसेट नीट करायला. हे हसतात, मीही हसते, पण मला ते आवडत नाही. हे काम मला हवंय.

९ सप्टेंबर, शनिवार

रांग तयार! पाच दिवसांत.

एक्स्चेंजमध्ये आमच्या टेबलावर एक लाकडी फळी असायची, तिला ओळीने खण. कॉल बुक झाला की त्याची चिठ्ठी खणात. पहिल्या खणातला कॉल लागला की ती चिठ्ठी काढायची आणि मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकवायच्या. म्हणजे पहिला माणूस नेहमी पहिल्या खणात. डोळे मिटूनही हात तिथेच जायचा. लाइटनिंग आला की उलट: सगळ्यांना एकेक घर मागे ढकलायचं आणि पहिला खण मोकळा करायचा.

मी जावास्क्रिप्टमध्ये हुबेहूब तसंच लिहिलं. खणांची ओळ तिथेही असते. दहा नकली माणसं रांगेत घातली, दोन पुढून उचलली, एकाला घुसवलं, एकाला मागून घालवलं. बरोबर चाललं. त्या दहांना मी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं दिली होती. सोलापूरचा सुताचा दलाल, लातूरचा डाळवाला, आणि अर्थात "सुलतान बाजार, कापड दुकान, सोलापूर ऑर्डिनरी", म्हणजे हे. माझी नि यांची पहिली ओळख या ऑर्डिनरी कॉलवरच. चार-चार तास थांबायचे पण अर्जंट करायचे नाहीत. मला वाटायचं, किती सोशिक माणूस! लग्नानंतर कळलं, चिक्कू.

संध्याकाळी भामाचा फोन आला. भामा एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या पोझिशनवर, म्हणजे बोर्डापुढच्या जागेवर बसायची. तिने निवृत्ती घेतली नाही, ती आता चौकशीच्या टेबलावर असते. दिवसभर लोकांना नंबर सांगते. घसा पार बसलाय तिचा. मी म्हटलं, दही खाऊ नकोस.

"दह्याचं न्हाई गं," ती म्हणाली. "लई दिवस झाले. उद्या दाखवायला जायचंय. तू रिकामी हायेस का? सोबत यायलीस तर बरं वाटंल."

उद्या मला हजार माणसांची चाचणी लिहायची होती. सांगितलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. ती म्हणाली, हौ, चालतंय. भामाचं एक बरं आहे, ती कधी रागावत नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

हजारांवर रांग जरा रेंगाळली. पाच हजारांवर पान गोठलं. माऊस हलेना, काही होईना, आणि मग ब्राउझरनेच पाटी लावली: या पानावरच्या कामामुळे सगळं मंदावलंय, थांबवू का? मला वाटलं वीज कमी येतेय. मग वाटलं आपला कॉम्प्युटर जुना. नाचता येईना अंगण वाकडं.

आमच्या ऑफिसात मृण्मयी म्हणून एक मुलगी आहे. पुण्याची, इंजिनियर, कुलदीपचं ऐकून मलाही काकू म्हणते. मराठी बोलते छान, पण वाचताना अक्षर अक्षर लावते. तिने माझं लिखाण पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही एक माणूस काढला की बाकी सगळ्यांना हलवताय."

"मग? रांग पुढे सरकते."

"रांगेतली माणसं स्वतःच्या पायांनी सरकतात. इथे तुम्ही एकेकाला उचलून ठेवताय. पाच हजार माणसं, एक गेला की चार हजार नऊशे नव्याण्णव उचलायची. परत एक गेला, परत तेच. सोनेरी कार्डवाला आला की परत सगळे मागे. ॲक्च्युअली लोकांना हलवूच नका ना. पहिला कोण आणि शेवटचा कोण, एवढंच लक्षात ठेवा."

मी म्हटलं, पहिला माणूस पहिल्या खणात नसेल तर त्याला पहिला कशाला म्हणायचं? उद्या तो मधल्याच कुठल्यातरी खणात, परवा आणखी कुठे. अशाने चूक होईल. आम्ही एक्स्चेंजमध्ये एवढी वर्षं असंच केलं आणि एक कॉल हरवला नाही.

ती गप्प बसली. वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसायची पुणेरी पद्धत आहे, त्यात होकार नसतो.

१९ सप्टेंबर, मंगळवार

सरकवण्याचं काम वेगाने कसं होईल ते शोधते आहे. एकेक न सरकवता जथ्याने सरकवून पाहिलं. थोडा फरक पडला. थोडाच.

आज पोळ्या करताना एक्स्चेंजचा वास आठवला. गरम झालेल्या वायरी, खोबरेल तेल आणि कुणाच्यातरी डब्यातली आंबाडी. मॉनिटरबाई पाठीमागे देखरेख करत फिरायच्या आणि तीस बायका एकदम बोलत असायच्या, "नंबर प्लीज", "होल्ड ऑन पुणे", "नांदेड, तुमची पार्टी बोलते आहे". कलकलाट खरा, पण त्यात शेजारच्या भामाचा आवाज वेगळा ऐकू यायचा. तिच्या आवाजाला धार होती, पण बोचायची नाही. मुंबईच्या ऑपरेटरसुद्धा विचारायच्या, हैदराबादची ती गोड आवाजाची कोण? लाइन खराब असली की पार्टीचं बोलणं दोन्हीकडे तीच पोचवायची. मुलगा झाला, वडील गेले, माल पाठवा. किती घरांतल्या बातम्या लोकांनी आधी भामाच्या तोंडून ऐकल्या असतील.

माझा स्वयंपाक करपला. यांनी निमूट खाल्ला.

२४ सप्टेंबर, रविवार

रविवार, तरी ऑफिसात. उद्या हेमंत येणार आहेत, बेगमपेटच्या खोलीचे व्यवस्थापक. त्यांना काहीतरी दाखवायला हवं.

सकाळी निघताना भामाचा फोन. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय, काहीतरी तपासणी आहे, येशील का. आवाज इतका खरखरीत की मला वाटलं लाइनमध्येच दोष आहे. मी म्हटलं, फोन ठेव, मी लावते. पुन्हा लावला तरी तसाच. मी म्हटलं, भामा, आज नाही गं जमत, माझ्या नाकातोंडात पाणी जातंय. सुनेला ने ना.

"ती हाय की. तिला घेऊन जाते. परेशान नको होऊ." मग जरा थांबून, "तू बाजूला असली म्हणजे मला बोलायला येतं, म्हणून."

ठेवल्यावर हे म्हणाले, "भामावहिनींना नीट मोठ्या डॉक्टरला दाखवायला सांग. एवढे दिवस घसा बसलेला राहत नाही." मी म्हटलं, दिवसभर चौकशीला बोलून बसा तुम्ही, मग कळेल. दुकानात दिवसाला चार गिऱ्हाइकं येतात, यांना काय ठाऊक.

२५ सप्टेंबर, सोमवार

हेमंत आले, पाहिलं, घड्याळ पाहिलं. पान गोठलं तेव्हा माणूस शिष्टाचार सोडून खिडकीतून खाली जिलेब्या बघायला लागला. सोळा ऑक्टोबरला परत येणार. तेव्हा दहा हजार माणसं घालून दाखवायची, नाहीतर ते बंगलोरच्या कुणालातरी काम देतील.

ते गेल्यावर कुलदीप कूलरमध्ये पाणी भरायला लागला. त्याने मला चार शब्द सुनवायला हवे होते. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

१ ऑक्टोबर, रविवार

आजपासून आपलं टेलिफोन खातं राहिलं नाही, त्याची कंपनी झाली. पेपरात आलंय. मी ज्याची पेन्शन खाते ते खातं गेलं, हे वाचून कसंसंच वाटलं. पूर्वी फोनसाठी लोक आठ-आठ वर्षं नंबर लावून बसायचे, आता गल्लीच्या प्रत्येक तोंडाशी पिवळा बूथ आहे. चांगलं झालं, तेही खरं. पण ट्रंक कॉल लागल्यावर माणसं ज्या आवाजात "हॅलो" म्हणायची, तसं आता कुणी म्हणत नाही.

भामाचा निरोप आला, सुनेकडून. एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावरचा ट्रंक हॉल मोडायला घेतलाय. गुरुवारी जुन्या बायका शेवटचं बघायला जमणार आहेत. सून म्हणाली, "आत्यांनी सांगितलंय, तुम्ही यायलाच पाहिजे."

मी कामात बुडालेली. पण हॉलसाठी जाणार. तो पुन्हा दिसायचा नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

रस्त्यावर बतुकम्मासाठी, इथल्या बायकांच्या नवरात्रातल्या सणासाठी, फुलांचे ढीग लागले होते. मी झेंडू नि तंगेडूची पिवळी फुलं घेऊन गेले, कुणाला द्यायची हे ठरवलं नव्हतं. हॉलमध्ये गेले आणि दारातच थांबले. निम्मे बोर्ड निघालेले, भिंतीवर त्यांच्या आकाराचे फिकट चौकोन. वायरी वेलींसारख्या लोंबत होत्या. आमच्या दोघींच्या पोझिशन्स मात्र अजून होत्या, खिडकीजवळच्या. भामा आधीच येऊन तिच्या खुर्चीत बसली होती. वाळलीये. गळ्याला ओढणी गुंडाळलेली, एवढ्या उकाड्यात. मी फुलं तिच्याच पुढ्यात ठेवली आणि माझ्या खुर्चीत बसले. मग दोघी समोर बघत राहिलो, कॉलची वाट पाहिल्यासारख्या.

फळी अजून टेबलावरच होती. मी तिला माझी कर्मकथा सांगितली. रांग, पाच हजार माणसं, मृण्मयीचं म्हणणं. म्हटलं, "या आजकालच्या पोरींना काय सांगायचं? आपण बघ कसं सरकवायचो." आणि चार जुने कागद खणांत घालून सरकवून दाखवले.

भामा हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, पाणी प्यायली, पुन्हा हसली.

"आपण कोण गं?" ती कुजबुजल्यासारखं बोलत होती. "तू सरकवायचीस. तू एकटी."

"काहीतरीच काय!"

तिने केसातली पिन काढली आणि पहिल्या खणाच्या कडेला अडकवली. पहिली चिठ्ठी काढली, पिन दुसऱ्या खणावर नेली. दुसरी काढली, पिन तिसऱ्यावर. कुठलीही चिठ्ठी हलली नाही. नव्या चिठ्ठ्या मागे लावत गेली. शेवटचा खण भरल्यावर पुढची चिठ्ठी थेट पहिल्या खणात घातली, तो तर केव्हाच रिकामा झाला होता. फळी जणू गोल झाली. मग माझ्याकडे बघून एक कागद उचलला, म्हणाली, "लाइटनिंग", आणि तो पिनेच्या अलीकडच्या रिकाम्या खणात टाकून पिन एक घर मागे घेतली. झालं. एवढंच.

"आम्ही समद्या असंच करायलो," ती म्हणाली. "मॉनिटरबाई तुला कितीक बार बोलली. तू ऐकलीस?"

मी म्हटलं, पण मी तर सगळ्यात भराभर काम करायचे.

"तू? महिन्याचा तक्ता लागायचा, तेव्हा तुझं नाव कुठं असायचं?"

खालून दुसरं. मला ते पक्कं आठवत होतं, पण मला वाटायचं माझ्या वाट्याला नागपूरच्या खराब लाइनी आल्यात म्हणून. बावीस वर्षं तसंच वाटलं. "एक्स्चेंजमध्ये असं करायचे" म्हणून मी मृण्मयीला जे ठणकावून सांगितलं, ती माझी एकटीची खोड होती.

मी विचारलं, मग मला कुणी नीट शिकवलं का नाही? भामाने हात हलवला, बोलवत नसावं. मग जवळ वाकून म्हणाली, "तुला पैला माणूस डोळ्यासमोर लागायचा. लांब गेला की तू घाबरायचीस. म्हणून म्या म्हणलं, राहू द्या."

बाकीच्या बायका आल्या, चहा झाला, फोटो झाले. निघताना भामाने माझं मनगट धरलं. म्हणाली, "चारू, येत्या आठवड्यात एक दिवस काढ. बोलायचंय." मी म्हटलं, सोळा तारीख होऊ दे, मग तू म्हणशील तितके दिवस. ती हौ म्हणाली. पिन तिने परत केसात लावली नाही, तिथेच फळीवर राहिली.

९ ऑक्टोबर, सोमवार

चाललं! दहा हजार माणसं घातली, पान अडलं नाही की गोठलं नाही. मी पंधरा हजार घातली. तरीही चुटकीसरशी.

दसऱ्याचा दिवस सोडला तर बसून सगळं नव्याने लिहिलं. आता दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: पिन कुठे आहे, आणि रांगेत किती जण आहेत. माणसं जागची हलत नाहीत. ओळीच्या टोकाला पोचलं की पुन्हा सुरुवातीचे रिकामे खण. आणि सगळे खण भरले तर दुप्पट लांबीची नवी फळी घेऊन सगळ्यांना एकदाच तिकडे न्यायचं, हे मृण्मयीने सांगितलं. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या खोडीसकट. ती हसली नाही. म्हणाली, "काकू, कॉलेजात आम्हाला हे शिकवायला आख्खा तास लागला होता. पिन आणायला हवी होती सरांनी."

कुलदीपने खालून गरम जिलेब्या मागवल्या. मी इतकी खूश आहे की काय लिहू. रिकाम्या खोलीत हात वर करून एक गिरकी घेतली आणि साडी टेबलाच्या खिळ्यात अडकून फाटली.

घरी येऊन भामाला सांगायला फोन लावला. सून म्हणाली, झोपल्यात. संध्याकाळी सहा वाजता?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

भामाकडे पुन्हा लावला. सूनच बोलली. "आत्यांना बोलू नका म्हणलंय डॉक्टरनी. तुम्ही कधी येताव?" मी म्हटलं, सोळा झाली की लगेच. बोलू नका म्हटलंय ते बरंच झालं, घशाला विश्रांती मिळेल.

पानाला रंग दिले. सोनेरी कार्डवाले पिवळे, बाकीचे निळे.

१६ ऑक्टोबर, सोमवार

काम मिळालं. मी पर्मनंट. हे पहिल्या ओळीत लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहिलं.

हेमंत वेळेवर आले. आम्ही नाताळाआधीच्या गर्दीचं नाटक लावलं. निळे मागे लागताहेत, पिवळे पुढे घुसताहेत, पुढून उचलले जाताहेत. पान पाण्यासारखं वाहत होतं. हेमंत या वेळी खिडकीकडे गेले नाहीत. कुलदीपने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावून खूण केली, आणि मग काकूला पाय लागला म्हणून घाबरून नमस्कार केला.

तेवढ्यात मृण्मयी म्हणाली, "एक मिनिट. काकू, हा बघा ना."

पडद्यावर एक निळा ठिपका होता. नाटक सुरू झालं तेव्हा सगळ्यांत आधी आलेला. त्याची पाळी अगदी पुढची आणि प्रत्येक वेळी एक पिवळा येऊन त्याच्या पुढे बसत होता. हजारो माणसांचं बोलणं झालं आणि हा अजून तिथेच.

हेमंत म्हणाले, "ऑर्डिनरी आहे. कंटाळून ठेवेल फोन. आपल्याला चालतंय."

मी म्हटलं, "तो ठेवत नाहीये पण."

ते हसले, दुसरं काहीतरी बोलू लागले, कागदावर सह्या झाल्या. मी त्या ठिपक्याकडेच बघत होते. एक्स्चेंजमध्ये असं होऊ देत नसत. काही अर्जंट लागले की मध्ये एक ऑर्डिनरी लावायचाच, मग वर मंत्र्याचा कॉल का असेना. तो नियम मी लिहायलाच विसरले होते. मृण्मयी म्हणाली, दोन वेगळ्या रांगा करू, चार पिवळे झाले की एक निळा. उद्या बसून करते.

घरी येताना नारायणगुड्याच्या चौकात थांबले आणि बोटांवर मोजायला लागले. भामाने मला किती वेळा विचारलं? नऊ तारखेला, चोवीसला, हॉलमध्ये मनगट धरून. प्रत्येक वेळी मी कुणालातरी तिच्या पुढे बसवलं, आणि ती हौ म्हणाली. भामा रागावत नाही म्हणून मी खुशाल तिला मागे ठेवत गेले. मला स्वतःची फार लाज वाटली.

घरी यांना म्हटलं, पर्मनंट झाले. यांनी देवापुढे साखर ठेवली. मग म्हटलं, उद्या कामावर जाणार नाही, भामाकडे जाणार. हे म्हणाले, "मी येऊ?" दुकान बंद ठेवून कुठे जायची भाषा या माणसाने आजवर केली नव्हती. तेव्हा मी घाबरले.

१८ ऑक्टोबर, बुधवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. भामाला ऑपरेशनला आत नेलंय. हे बाहेर चहा आणायला गेलेत, सून तिच्या नवऱ्याला फोन करायला.

काल सकाळी तिच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या सुशीलाबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही? त्यांचा घसा काढणार म्हणे." त्यांना "घशाचं ऑपरेशन" म्हणायचं होतं असं मी रिक्षाभर स्वतःला सांगत राहिले. तसं नव्हतं. सुशीलाबाईंचंच बरोबर होतं. गाठ वाढलीये, आवाज जिथून निघतो ते सगळं काढावं लागणार. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज राहणार नाही.

काल दवाखान्यात पोचले तेव्हा ती पलंगावर बसून सुनेकडून वेणी घालून घेत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? काम झालं?"

मी झालं म्हटलं आणि तिथेच रडायला लागले. म्हटलं, भामा, मला सांगायचं तरी नीट. ती म्हणाली, "फोनवर सांगायचं होतं का? माझ्याच आवाजात?" सून पाणी आणायला म्हणून बाहेर गेली.

मी हुंदके आवरत काहीबाही बोलत सुटले. मोठ्या डॉक्टरला दाखवू, मुंबईला नेऊ, हल्ली यंत्रं निघालीत, कुलदीपला सांगून इंटरनेटवर शोधू. तिने ऐकून घेतलं, मग माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आता गप. डॉक्टर बोलू नको म्हणत होते. आज म्हणले, बोला, काय बोलायचं ते. म्हणून आज मी बोलते, तू ऐक. उद्यापासून तुलाच बोलायचंय, दोघींचं."

मी डोळे पुसले आणि खुर्ची तिच्या डाव्या हाताला लावली. नेहमीसारखी.

मग ती बोलत गेली. खरखरत, थांबत, मध्ये पाणी पीत. मला वाटलं होतं काही महत्त्वाचं सांगेल, काही सोपवेल. तसलं काही नाही. मॉनिटरबाईंचा नवरा कसा चालायचा. परभणीला तिच्या माहेरी म्हैस विहिरीत पडली होती, ते. सून चांगली आहे पण मीठ जास्त घालते. काचीगुड्याच्या त्या बांगडीवाल्याने आम्हा दोघींना एकदा फसवलं होतं, त्याच्या नावाने पुन्हा एकदा शिव्या. मधूनच पूर्वीची धार यायची आवाजाला, एखाद्या शब्दापुरती, आणि जायची. मी हूं म्हणत होते.

सिस्टर येऊन भेटायची वेळ संपली म्हणून सांगून गेली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला हात जोडले. भामाचं तेव्हा कुठे म्हैस विहिरीतून निघून कैरीच्या लोणच्यापर्यंत आलं होतं.